सोने फिरते, तांबे घरी राहते

आजीच्या पुतळीच्या माळेतली मूळ पुतळी ही व्हेनिस या नगरराज्याची दुकात. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख तिच्यावर कोरलेला असे. आपल्या बायकांना त्या दोन बाहुल्या दिसल्या आणि नाव पडले पुतळी. हेच व्हेनिस तांब्याचे ‘बागात्तीनो’ही पाडत होते, पण ते कोकणात रुळले नाहीत. सोने कसावर विकते, ते कुठेही खपते. तांब्याचा पैसा विश्वासावर चालतो आणि विश्वासाला वेस असते.

म्हणूनच १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेल्यावर इथल्या बाजाराला लागणारी चिल्लर लिस्बनहून नव्हे, इथल्याच टांकसाळींतून आली. तिचे नाव ‘बझारुक’. इंग्रजांनी मुंबईत त्याचेच ‘बजरूक’ केले. गोव्याच्या काही बझारुकांवर संत कॅथरीनचे चाक आहे, कारण १५१० मध्ये गोवा तिच्याच सणाला, २५ नोव्हेंबरला, पडले.

तांबे महागले की कथील, शिसे, तुत्थनाग, जे हाती लागेल ते ओतले जाई. १५८३ पासून काही वर्षे गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन लिहितो की एका विंतेंला चांगले बझारुक १५, वाईट १८. म्हणजे नाणे एकच, भाव दोन! चांगले कोणते, वाईट कोणते, हे राजाचा छाप ठरवत नसे. रस्त्याच्या कोपऱ्यावर बसलेला सराफ ठरवी. हजारांतून एक खोटे नाणे तो वेचून काढतो, याचे त्या डचाला मोठे नवल वाटले.

आता कल्पना करा. तुळिंजची एखादी बाई टोपलीभर भाजी विकून वसईहून परतते आहे. कनवटीला अठरा बझारुक. सराफाच्या लेखी ते पंधराच. व्यापाऱ्याचा हिशेब सोन्यारुप्यात, त्याला या घसरणीची झळ थोडी. तिची सगळी कमाईच चिल्लरीत. हलक्या नाण्याचा नफा टांकसाळीला, तोटा टोपलीला.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि ‘श्री राजा शिव’ अशी अक्षरे असलेल्या शिवराईचा अंमल इथवर पोचला. छाप बदलला, सराफ मात्र तिथेच राहिला.

नाणे मोडताना तो जी रक्कम कापून घेई, तिला बट्टा म्हणत. बझारुक गेले, शिवराई गेली. नावाला लागणारा बट्टा तेवढा आपण अजून जपून आहोत.