वास लसणीचा, कूळ मोहरीचं

एप्रिलचा शेवटचा आठवडा. बर्फ वितळून गेलेला, झाडांना अजून नीट पालवी फुटलेली नाही, पण चार-पाच महिने घरात कोंडून घेतलेली माणसं मात्र जाड कोट टाकून बाहेर पडलेली. अशा वेळी आमच्या घरामागच्या रानातून फिरताना पायाखाली काहीतरी चुरडतं आणि एकदम लसणीचा वास येतो. अगदी कुणीतरी चटणी वाटायला घेतल्यासारखा! पहिल्यांदा हा वास आला तेव्हा मी बायकोला म्हटलं, "इथे जवळपास कुणीतरी आपलं माणूस राहत असणार."

माणूस नव्हतं, रोप होतं. मांडीपर्यंत उंच, पानांच्या कडा करवतीसारख्या, शेंड्याला चार पाकळ्यांची बारीक पांढरी फुलं. नाव गार्लिक मस्टर्ड. वास लसणीचा, पण कूळ मोहरीचं. ईशान्य अमेरिकेत किंवा मिडवेस्टमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या बॅकयार्डाच्या कडेला ते असेल. आपलं लक्ष गेलं नसेल, इतकंच.

हे रोपही आपल्यासारखंच बाहेरून आलेलं. युरोपातून येऊन इथे वसलेल्या लोकांनी ते भाजीसाठी आणि औषधासाठी आणलं असावं, असं मानतात. अमेरिकेतली त्याची पहिली नोंद न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १८६८ साली झाली. कुणा आजीबाईंनी परक्या देशात सूपाला ओळखीची चव यावी म्हणून चार बिया गाठीला बांधून आणल्या असतील. आपण मेथीचे दाणे आणि ओव्याची पुरचुंडी आणतो, त्यातलाच प्रकार. मग आज ठिकठिकाणची पार्कवाली मंडळी हेच रोप उपटायला शनिवारी सकाळी स्वयंसेवक का बोलावतात? त्याचं उत्तर जमिनीच्या वर नाही, खाली आहे.

जमिनीखालची देवघेव

झाड मुळांनी पाणी आणि क्षार शोषून घेतं, हे आपण शाळेत शिकलो. ते खरं, पण अर्धंच. बहुतेक झाडांच्या मुळांत आणि मुळांभोवती एक बुरशी राहते. बुरशी म्हटलं की आपल्याला विसरलेला ब्रेड किंवा बिघडलेलं लोणचं आठवतं. ही तशी नव्हे. तिचे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक असतात आणि जिथे मूळ पोचू शकत नाही अशा फटींतून ते मातीत दूरवर पसरतात. तिथून ते पाणी आणि मुख्य म्हणजे फॉस्फरस गोळा करून झाडाला देतात. बदल्यात झाड पानांत तयार केलेली साखर बुरशीला देतं. १८८५ साली फ्रँक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं या जोडीला 'मायकोरायझा' हे नाव दिलं. ग्रीक शब्दांवरून घेतलेल्या या नावाचा अर्थच 'बुरशी-मूळ'.

ही भागीदारी फार जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये रायनी नावाच्या गावाजवळ ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म सापडले आहेत. त्या वनस्पतींना धड मुळंही नव्हती, पण त्यांच्या पेशींत अशी बुरशी स्पष्ट दिसते. म्हणजे वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या त्या जवळजवळ या सोबत्याला घेऊनच! मेपलचं झाडही याच व्यवहारावर वाढतं. ज्याला पुढे लाल-केशरी पानं फुटणार, त्या मेपलच्या बोटभर रोपाला पहिल्या वर्षी या बुरशीचा मोठा आधार असतो.

मोहरीच्या घराण्याचं मात्र वेगळं. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर ही सगळी मंडळी साधारणपणे या बुरशीशिवायच संसार करतात. त्यांच्याकडे आहे तो तिखटपणा. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकातोंडातून ज्या झिणझिण्या जातात, त्या आठवा. अख्ख्या मोहरीला तो झणका नसतो. दाणा फुटला आणि पाणी लागलं की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि झणका तयार होतो. किडीपासून बचाव करण्याची ही त्या वनस्पतीची युक्ती. गार्लिक मस्टर्डमध्ये याच जातीची द्रव्यं असतात आणि पानं-मुळांतून ती मातीत उतरतात.

त्यांचा परिणाम काय होतो, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या जंगलांतून दोन प्रकारची माती आणली: एक गार्लिक मस्टर्ड माजलेल्या जागेची, दुसरी ते नसलेल्या जागेची. दोन्हींत शुगर मेपल, रेड मेपल आणि व्हाइट अ‍ॅश यांची रोपं लावली. पहिल्या मातीत रोपांच्या मुळांवर बुरशी फारच कमी आली आणि रोपं खुरटली. मग दोन्ही माती निर्जंतुक करून पाहिल्या, तर फरकच उरला नाही. दोन्हीकडे रोपं सारखीच खुरटी! म्हणजे हे रोप मेपलला थेट मारत नव्हतं, मेपलच्या सोबत्याला मारत होतं. आणि गंमत अशी की २००८ च्या एका अभ्यासात युरोपच्या मातीतल्या बुरशीवर याचा तेवढा परिणाम दिसला नाही. तिकडच्या बुरशीची या झणक्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख, इकडच्या बुरशीला तो नवा.

मोठ्या झाडाला यानं लगेच काही होत नाही. म्हणूनच ऑक्टोबरात फॉल कलर्स बघायला गेलेल्या आपल्याला सगळं आलबेल वाटतं. पण ज्या मेपलखाली आपण मुलांचे फोटो काढतो, तो शंभर-दीडशे वर्षांपूर्वी रुजलेला असतो. त्याच्या पायाशी आज रोपं उभी राहतायत का, हे पाहायला हवं. आमच्या रानातल्या एका कोपऱ्यात मी वाकून शोधलं. लसणीचा वास भरपूर, मेपलचं पोर एकही नाही.

आरोपी एकटाच नाही

पण सगळा दोष या एका रोपाच्या माथी मारणंही बरोबर नाही. उत्तर अमेरिकेच्या या भागावर हिमयुगात बर्फाचे प्रचंड थर होते. त्यामुळे इथल्या उत्तरेकडच्या जंगलांत मूळची गांडुळंच उरली नव्हती. आज दिसतात ती बहुतेक युरोपातून, अलीकडे काही आशियातून, रोपांच्या आणि मातीच्या सोबतीनं आलेली. आपण 'गांडूळ शेतकऱ्याचा मित्र' हे पाठ केलेलं. शेतात आणि परसबागेत ते खरंच आहे. पण या जंगलात कुजक्या पानांची जाड गादी हीच नव्या रोपांची दुलई असते. गांडुळं ती भराभर खाऊन टाकतात आणि खालची माती उघडी पडते. मित्रही योग्य जागीच मित्र असतो!

तिसरी बाजू हरणांची. हरणं रानफुलं आणि कोवळी रोपं आवडीनं खातात, गार्लिक मस्टर्डला मात्र सहसा तोंड लावत नाहीत. पेनसिल्व्हेनियात काही वर्षं कुंपण घालून हरणांना बाहेर ठेवलं, तेव्हा आतलं गार्लिक मस्टर्ड हळूहळू कमी होत गेलं आणि रानफुलं सावरली. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला.

आणि मला सर्वात विचार करायला लावणारी गोष्ट २००९ सालच्या एका अभ्यासातली. ज्या ठिकाणी हे रोप नुकतं पोचलंय तिथे त्याच्यात विषारी द्रव्यं जास्त, आणि जिथे येऊन अनेक दशकं झाली तिथे कमी, असं आढळलं. सुरुवातीला हे हत्यार फायद्याचं. पण पुढे आजूबाजूला बहुतेक आपलेच जातभाई उरले की विष बनवण्याचा खर्च परवडत नाही, आणि पिढ्यांगणिक ते कमी होत जातं. अशा जुन्या जागांवर इथली मूळची झाडंही थोडी सावरताना दिसली. परक्या मातीत मुरायला रोपालाही पिढ्या लागतात, हे वाचून मी जरा थांबलो, हे कबूल करतो.

आपण काय करावं?

आधी माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहानं फुलांवर आलेली रोपं उपटली आणि कंपोस्टच्या ढिगावर टाकली. उपटलेल्या रोपावरही बी पिकतं, हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षांत ढिगाभोवती नुसता लसणीचा मळा! एकेका रोपाला शेकड्यांनी बिया येतात आणि मातीत त्या कित्येक वर्षं जिवंत राहतात.

तेव्हा शेंगा धरण्यापूर्वी, पाऊस पडून गेल्यावर, मुळासकट रोप उपटा आणि पिशवीत बंद करून कचऱ्यात द्या. बुटांना लागलेली माती झाडून घरी या. एका वर्षात हे संपत नाही. चार-पाच वर्षं चिकाटी लागते. गावातल्या पार्कची उपटणी असेल तर मुलांना घेऊन जा. मासे पकडून उरलेली गांडुळं रानात सोडू नका. झाडाखाली पडलेली थोडी पानं तरी तिथेच राहू द्या.

आणि भारतातून येताना बॅगेत बी, रोप, माती लपवून आणण्याचा मोह आवरा. कढीपत्त्याची ताजी पानं आणायला इथे बंदी आहे, त्यामागे कुणाचा आकस नाही. त्या झाडावर जगणारी एक बारीक कीड संत्र्या-लिंबांचा घातक रोग पसरवते. फ्लोरिडात ती कीड १९९८ साली आणि रोग २००५ साली सापडला, आणि त्यानंतर तिथल्या संत्र्याच्या बागांची धूळधाण झाली.

मुलांना हे सगळं पटवायचं तर एक सोपा प्रयोग करा. वाफ्यात मेथी लावा आणि महिन्या-दीड महिन्यानं एक रोप हलक्या हातानं, मातीसकट काढून पाण्यात धुवा. मुळांना बारीक गाठी दिसल्या तर एक नखानं फोडा. आतून ती गुलाबीसर निघाली तर समजावं की तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून मेथीला पुरवतायत. गाठी नाही दिसल्या तर कदाचित त्या मातीत मेथीचा सोबती अजून पोचलेला नसेल. भाजी मात्र दोन्ही वेळा होतेच!

यंदाही एप्रिलात मी पिशवी आणि हातमोजे घेऊन रानात जाणार आहे. त्या कोपऱ्यात मागच्या वर्षी, चौथ्या उपटणीनंतर, दोन पानांची तीन मेपलची रोपं दिसली. भोवती काटक्या रोवून खूण करून ठेवलीय. हिवाळ्यातून किती वाचली, ते बर्फ वितळल्यावर कळेल.