जुनी गाडी जपताना स्वतःलाही जपा

डोळ्यांसमोर आणा. जुलैतला रविवार, नेरुळमधलं सिडकोचं रो-हाउस. बाहेर पाऊस कोसळतोय. तळमजल्यावरच्या गॅरेजमध्ये निवृत्त फिटर आजोबा जुन्या पद्मिनीच्या कार्बोरेटरशी झटापट करताहेत. पाण्याची झड आत येते म्हणून त्यांनी शटर गुडघ्याएवढं उघडं ठेवून बाकी खाली ओढलंय. शेजारी सात-आठ वर्षांचा नातू पाना हातात देतोय. चोक ओढला, इंजिन धडधडत सुरू झालं, दोघांचे चेहरे उजळले. पंधरा-वीस मिनिटांनी नातू म्हणतो, ‘आजोबा, डोकं दुखतंय, मळमळतंय.’ आजोबांचंही कपाळ ठणकत असतं; पण त्यांना वाटतं, सकाळपासून पोटात काही नाही, पित्त झालं असेल.

ते पित्त नाही. या क्षणी शटर पूर्ण वर करून दोघं बाहेर आले, तर संध्याकाळी हसत चहा पितील. नाही आले, तर काय होईल हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

नवी मुंबईत हा छंद रुजणं साहजिक आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडचं हे शहर आकाराला येऊ लागलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत फिटर, टर्नर, वेल्डर म्हणून आयुष्य घालवलेली पिढी आता निवृत्त झाली आहे. हातात कसब आहे, वेळ आहे आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी उभी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि १९७४ मध्ये तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. बजाज चेतक १९७२ मध्ये आली. सकाळी ती एका बाजूला तिरपी करून मग किक मारणारे वडील अनेकांच्या आठवणीत आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली, तेव्हा अनेकांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

या गाड्या टिकल्या कारण त्या उघडता येत होत्या. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन पाने आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन समजून घेता येतं. त्यात संगणक नाही, सीलबंद डबे नाहीत. जो भाग झिजला तो काढायचा, घासायचा, नाही जमलं तर बदलायचा. सरकारनेही २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते.

मेंदूला मिळणारं खतपाणी

डॉक्टरांच्या नजरेतून हा छंद चांगलाच आहे. निवृत्तीनंतर अनेक पुरुषांचा दिवस रिकामा होतो, बोलणं कमी होतं, झोप बिघडते. जुनं यंत्र दुरुस्त करताना हात, डोळे आणि डोकं एकाच वेळी कामाला लागतात. बिघाड शोधणं हा एक तर्क असतो: पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, हवा कुठून गळतेय का. अमेरिकेत डेनिस पार्क यांच्या गटाने २०१४ मध्ये साठीपुढच्या लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम यांसारखं नवं आणि डोक्याला ताण देणारं कौशल्य सुमारे तीन महिने शिकलेल्या ज्येष्ठांची स्मरणशक्ती नुसत्या गप्पा-सहलींत रमलेल्यांपेक्षा अधिक सुधारलेली दिसली. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात ‘मेन्स शेड’ नावाची चळवळ सुरू झाली. त्यात निवृत्त पुरुष एका शेडमध्ये जमून सुतारकाम, यंत्रदुरुस्ती करतात. समोरासमोर बसून मन मोकळं न करणारा माणूस शेजारी उभा राहून काम करता करता बोलतो, हा त्यामागचा साधा अनुभव.

तेव्हा छंद सोडा, असं कुणी सांगणार नाही. पण जुनी गाडी जुन्या काळाचे धोकेही पोटात घेऊन येते. तेवढे ओळखायला हवेत.

शटरमागचा वायू

पहिला आणि सर्वांत घातक धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही. इंधन अर्धवट जळलं की तो तयार होतो. चोक ओढल्यावर इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते, म्हणून थंड इंजिन सुरू करताना तो अधिक बाहेर पडतो. नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. भारतात तो १९९५ पासून आधी चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला. त्याआधीच्या पद्मिनीत किंवा चेतकमध्ये तो नसतोच.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. तो हिमोग्लोबिनला धरून बसतो आणि ऑक्सिजनला जागाच उरत नाही. सुरुवातीला डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा. मग गोंधळ, बेशुद्धी. लहान मुलं, गर्भवती आणि हृदयरोगी यांना तो लवकर गाठतो.

इथे एक फसगत लक्षात ठेवायला हवी. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या माणसाच्या बोटावर ते ९८ दाखवू शकतं. कारण साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि हा वायू धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नये. मोकळ्या हवेत यावं, आणि लक्षणं असतील तर रुग्णालयात जाऊन ‘बंद जागेत इंजिन चालू होतं’ हे आधी सांगावं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात; मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास.

नियम एकच. शटर पूर्ण वर, गाडीचा सायलेन्सर बाहेरच्या दिशेला. पाऊस आत येत असेल तर त्या दिवशी इंजिन सुरू करायचं नाही. एक पंखा लावला किंवा खिडकी किलकिली केली म्हणजे भागत नाही.

ब्रेकच्या ड्रममधली धूळ

जुन्या गाडीच्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. तो उष्णतेने जळत नाही, म्हणूनच तो वापरत. ड्रम उघडला की आत करडी भुकटी साचलेली दिसते आणि पहिली सवय काय? कॉम्प्रेसरची हवा मारायची, नाहीतर तोंडाने फुंकायचं. डोळ्यांना न दिसणारे तंतू मग गॅरेजभर तरंगतात आणि छातीत खोल जातात. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही. फुफ्फुसं कडक होणं, फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसावरच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे आजार वीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतात. धूम्रपान करणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो.

एका रविवारी एक ड्रम उघडला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही; धोका वारंवार आणि वर्षानुवर्षं श्वासात गेलेल्या धुळीचा असतो. पण टाळणं इतकं सोपं आहे की तो पत्करायचा कशाला? ऑस्ट्रेलियात परदेशातून आलेल्या जुन्या गाड्या ॲस्बेस्टॉससाठी सीमेवरच तपासल्या जातात. आपण निदान एवढं करावं: हवा मारायची नाही, कोरडा ब्रशही नाही. ड्रम साबणाच्या पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसायचा, ते फडकं ओलं असतानाच पिशवीत बांधून टाकायचं आणि नवे लायनर ॲस्बेस्टॉसविरहित घ्यायचे. तोंडाला रुमाल बांधल्याने हे तंतू अडत नाहीत.

रंगाखालचं शिसं

पत्र्यावरचा जुना रंग खरवडताना थरावर थर निघतात. त्यांत शिसं असू शकतं. लोखंड गंजू नये म्हणून पूर्वी ‘रेड लेड’चा थर देत. देवाच्या दगडाला लावायचा शेंदूर रसायनाच्या दृष्टीने हेच शिशाचं ऑक्साइड. पेट्रोलमध्येही शिसं होतं. देशभरात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं आणि जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये.

शिसं शरीरात कॅल्शियमची सोंग घेऊन वावरतं आणि हाडांत जाऊन बसतं, तेही दशकानुदशकं. मोठ्या माणसात रक्तदाब, मूत्रपिंड आणि नसा यांवर परिणाम होतो. लहान मुलांचं नुकसान याहून मोठं. एकाच स्रोतातून मुलं मोठ्यांपेक्षा चार-पाच पट शिसं शोषून घेतात आणि वाढत्या मेंदूची हानी भरून निघत नाही. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ठाऊक नाही. म्हणजे प्रश्न आजोबांच्या हौसेपुरता राहत नाही. पॉलिश पेपरची कोरडी धूळ त्यांच्या बनियनवरून, केसांवरून घरात जाते, फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या मुठीतून तोंडात जाते.

म्हणून रंग ओला करूनच घासावा. गॅरेजचे कपडे आणि चपला गॅरेजमध्येच ठेवाव्यात, कपडे वेगळे धुवावेत, हात-तोंड धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नये. घासकाम चालू असताना लहान मुलं तिथे नकोतच. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्याने रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणं ही आपल्याकडची जुनी खोड. पेट्रोल पातळ असल्याने घोटभर जरी श्वासनलिकेत गेलं तरी फुफ्फुसांत पसरतं आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. असं झालं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला लावू नये. उलटी होताना ते पुन्हा फुफ्फुसात जातं. थेट रुग्णालय गाठावं. हातपंप दोन-चारशे रुपयांत मिळतो.

हार्डनर मिसळून मारायच्या चकचकीत रंगात आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की नंतर अगदी थोड्या वासानेही धाप लागते. साधा मास्क इथे उपयोगाचा नाही. हे काम पेंट बूथ असलेल्या कारागिराकडे द्यावं.

ग्राइंडर चालवताना डोळ्यांवर गॉगल हवा, नंबरचा चष्मा पुरत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, खाली घोडी लावावी. आणि गंजका पत्रा कापला तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवावं. धनुर्वात गंजामुळे होत नाही, मातीतल्या जंतूंमुळे होतो. पण अशा जखमेत तो जंतू असू शकतो. दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यावा.

डॉक्टरांना छंद सांगा

इटलीच्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारावं, असा त्याचा आग्रह होता. आज बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत तो प्रश्न विचारला जातो तेव्हा साठीपुढचा माणूस ‘रिटायर’ एवढंच म्हणतो आणि कागदावर तेवढंच लिहिलं जातं. जुना खोकला, हाताला येणाऱ्या मुंग्या, रविवारीच होणारी डोकेदुखी यांचा धागा गॅरेजपर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगावं: मी जुन्या गाड्या दुरुस्त करतो.

चांगला मेकॅनिक इंजिनाचा बदललेला आवाज लगेच ओळखतो आणि गाडी थांबवतो. स्वतःच्या शरीराचा बदललेला आवाजही त्याने तितक्याच लवकर ऐकायला हवा. आणि पाऊस असला तरी शटर वर करायला हवं. नातवाला गाडी शिकवायची, तर हेही त्याच शिकवणीत आलं.