तामारेचे मौन आणि आफ्रिकेतील शिक्षण

लिंगभाव व लैंगिकता यांविषयीचे सर्वसमावेशक शिक्षण म्हणजे पाश्चात्त्यांनी लादलेले नवे ओझे होय, असा आक्षेप आफ्रिकेतील अनेक मंडळ्यांत घेतला जातो. वसाहतवाद सोसलेल्या लोकांनी बाहेरून आलेल्या शिकवणीकडे संशयाने पाहावे, हे स्वाभाविक आहे. परंतु बाहेरून आलेले नेमके काय, हे आधी तपासले पाहिजे.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारी केनिया, युगांडा व बोत्स्वाना येथील मूळ कलमे ब्रिटिश अमदानीतील आहेत. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाशी त्यांचे शब्दसाम्य उघड आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रौढांचे संमतीने होणारे संबंध त्या कलमातून वगळले. बोत्स्वानाच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेथील कलमे रद्द केली व २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. युगांडाने मात्र २०२३ मध्ये अधिक कठोर कायदा केला.

भाषेचीही साक्ष आहे. मराठीत 'तो' की 'ती' हे ठरविल्यावाचून आपले पाऊल पुढे पडत नाही. नायजेरियातील योरुबा भाषेच्या सर्वनामांत हा भेदच नाही. जुन्या योरुबा समाजात लिंगापेक्षा वयाच्या ज्येष्ठतेला महत्त्व होते, असे ओयेरोंके ओयेवुमी यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. सर्वच अभ्यासक त्यांच्याशी सहमत नाहीत. तथापि 'आमची परंपरा' म्हणून जे शिकविले जाते त्यात वसाहतकाळाचा अंश किती, हा त्यांचा प्रश्न टाळता येत नाही. मिशन शाळांच्या वारसांनी, म्हणजे आम्हीही, तो स्वतःला विचारावा.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानाने लिंग, लिंगभाव व लैंगिक कल यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. 'लाइफ ओरिएंटेशन' या शालेय विषयात लैंगिकतेचे शिक्षणही येते. परंतु पुस्तकात धडा असला तरी शिक्षक केवळ धाक व निषेध सांगू लागला, की ज्या मुलाला किंवा मुलीला खरा प्रश्न पडला आहे, तेच मूल गप्प बसते. वर्गमित्रांनी हिणवलेले मूल तर तोंडही उघडत नाही.

येथे पीटरमॅरिट्झबर्ग येथील उजामा केंद्राची रीत बोधप्रद आहे. १९९० च्या दशकापासून हे केंद्र २ शमुवेल १३:१-२२ हा उतारा मंडळ्यांतील लहान गटांत वाचीत आले आहे. पुढे 'तामार मोहीम' या नावाने ही रीत केनियासारख्या देशांतही पोहोचली. चालक प्रवचन करीत नाही. तो प्रश्न विचारतो. या कथेतील प्रत्येक पुरुषाने काय केले? तामार काय म्हणाली? अशा तामारा आपल्या मंडळीत आहेत काय? योनादाब मसलत देतो, अम्नोन बळजबरी करतो, अबशालोम तिला गप्प राहण्यास सांगतो, दावीद संतापतो पण काही करीत नाही. तामार मात्र स्पष्ट बोललेली असते. हा उतारा उपासनेत क्वचितच वाचला जातो. गटात वाचला असता अनेक स्त्रिया आपले दुःख प्रथमच बोलून दाखवितात.

धर्मशिक्षकाने आपली श्रद्धा बाजूला ठेवावी, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या वर्गात कोणाचे बोलणे थांबविले जाते, एवढे त्याने पाहावे. मूल बोलले तर ते प्रथम पुरते ऐकून घ्यावे, त्याची थट्टा होऊ देऊ नये, आणि त्याच्यावर अत्याचार झाला असल्यास ती गोष्ट घराण्याच्या किंवा मंडळीच्या अब्रूखातर झाकू नये. अबशालोमाने आपल्या बहिणीस दिलेला सल्ला आपल्या मुखातून निघता कामा नये.