टेन्शन आणि एमएस : दोष नको, साथ हवी



"टेन्शन घेतलं म्हणून आजार वाढला," असं आपण सहज बोलून जातो. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच एमएसच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे.

विजेच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं, तसं मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. मग एका डोळ्याने धूसर दिसणं, हातापायांना मुंग्या, तोल जाणं, प्रचंड थकवा अशी लक्षणं दिसतात. हा आजार बहुतेक वेळा 20 ते 40 या वयात सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याची आई किंवा स्टाफरूममधल्या एखाद्या मॅडम यातून जात असू शकतात.

मग ताणाचं काय? 2004 मध्ये 14 अभ्यास एकत्र तपासले गेले. ताणाच्या प्रसंगांनंतर आजार उसळण्याची शक्यता वाढते, असं त्यात दिसलं. 2012 च्या एका प्रयोगात ताण हाताळायला शिकवलेल्या रुग्णांच्या मेंदूत नवे डाग कमी आढळले. पण सत्रं थांबल्यावर हा फायदा टिकला नाही. म्हणजे ताण कमी करणं ही रोजची सवय हवी. औषधांना मात्र तो पर्याय नाही.

आपल्या पिंपळगाव राजा परिसरात उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. उष्णतेने किंवा तापाने एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती वाढतात आणि शरीर थंड झालं की ओसरतात. हा नवा हल्ला नव्हे. पण नवं लक्षण 24 तासांहून जास्त टिकलं, तर "टेन्शनमुळे होतंय" म्हणत घरी बसू नका; मेंदूविकारतज्ज्ञांना लगेच दाखवा.

आपण काय करू शकतो?

• सहकाऱ्याला तळमजल्यावरचा वर्ग आणि सकाळच्या तासिका द्या.
• मधे थोडी विश्रांती घेऊ द्या; थकव्याला आळस म्हणू नका.
• 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, हे त्यांना सांगा.
• आई आजारी असलेल्या मुलाचा गृहपाठ राहिला, तर रागावण्याआधी विचारपूस करा.

"टेन्शन घेऊ नको" म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा त्यांच्यावरचं एखादं काम आपण उचललं, तर ताण खरोखर कमी होतो.