कळव्यात वर्गणी, वाडीत पाणी

कळवा-खारेगावच्या चाळींत कोकणातली बरीच कुटुंबं राहतात. रविवारी कुणाच्या खोलीत सतरंजी पसरून बैठक भरली असेल, तर ती बहुधा गावाच्या मंडळाची. वाडीत ‘गाव कमिटी’, इकडे ‘मुंबई मंडळ’, अशी ही जोडी. घरटी ठरलेली वर्गणी, तिची पावती आणि त्या पैशातून देवळाची कौलं, पाखाडी (पायऱ्यांची वाट), विहिरीचा पंप, शाळकरी मुलांच्या वह्या. वर्गणी बहुधा सगळ्यांना सारखी, त्यामुळे रिक्षावाला आणि बँकेतला साहेब शेजारी बसतात. ज्याची वर्गणी थकली त्याच्याकडे आधी चौकशी होते: नोकरी गेली का, घरात आजारपण आहे का? माझ्या मते या व्यवस्थेचं मर्म तिथेच आहे. भांडणंही होतात, मानपानावरून तर हमखास. बायकांना निर्णयात जागा मात्र अजून कमीच.

पैशाचा व्यवहार आहे, म्हणून मंडळ नोंदवलेलं बरं. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली ते नोंदवायला किमान 7 सभासद लागतात. महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय कार्यालयातही नोंद होते. मग दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. तुमचं मंडळ नोंदलेलं नसेल, तर शिमग्याआधीच्या सभेत विषय काढाच.