लेझरने चरबी काढतात म्हणजे काय?

बदनापूर जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या दरम्यान आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या कॉस्मेटिक क्लिनिकच्या जाहिराती इथल्या मोबाइलवर दिसतात. 'लेझरने पोट कमी करा' ही त्यातलीच एक. पण या लेझरने वजन उतरत नाही.

आधी चरबी काढायच्या भागात सलाइन, भूल देणारे लिडोकेन आणि रक्तस्राव कमी करणारे अ‍ॅड्रेनॅलिन भरतात. मग बारीक छिद्रातून लेझरची तार कातडीखाली सरकवतात. उष्णतेने चरबीच्या पेशी फुटतात, बारीक रक्तवाहिन्या गोठतात. वितळलेली चरबी नळीने ओढून घेतात. थोडीच असेल तर ती शरीरात जिरू देतात. १०६४ नॅनोमीटरच्या लेझरला अमेरिकेत २००६मध्ये यासाठी परवानगी मिळाली. उष्णतेने कातडी थोडी आवळते म्हणतात. लेझरशिवाय नळीने चरबी ओढण्याच्या साध्या लायपोसक्शनपेक्षा तो फायदा किती, यावर डॉक्टरांचे एकमत नाही.

हनुवटी, दंड, कंबर इथला हट्टी थर यातून कमी होतो. आतड्यांभोवतीची चरबी मात्र जागची हलत नाही, आणि मधुमेहाला पोसते ती हीच. पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर आधी रक्तातली साखर तपासावी. ते काम गावातही होते, स्वस्तातही.

भाजणे, बधिरपणा, कातडी उंचसखल होणे, जंतुसंसर्ग हे धोके आहेतच. सौंदर्यासाठीचा हा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही. डॉक्टर प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ आहेत का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्यांची नोंद आहे का, हे बिनदिक्कत विचारावे.