सिंगापूरचा परवाना : कागदावरचा पगार आणि हातातला पगार

परदेशात पेढी उभी राहिली की गावाकडचा होतकरू पुतण्या किंवा भाचा मदतीला बोलावून घ्यावा, ही व्यापारी घराण्यांची जुनी रीत आहे. सिंगापूरमध्ये मात्र नात्याच्या ओळखीवर कामाचा परवाना मिळत नाही. तेथील मनुष्यबळ मंत्रालय पद, पात्रता आणि पगार पाहते.

व्यवस्थापक, अधिकारी किंवा तज्ज्ञ म्हणून येणाऱ्यास ‘एम्प्लॉयमेंट पास’ लागतो आणि त्यासाठी अर्ज कंपनीने करावयाचा असतो. १ जानेवारी २०२५ पासून नव्या अर्जांसाठी किमान मासिक पगार ५,६०० सिंगापूर डॉलर, तर वित्तीय सेवांत ६,२०० डॉलर ठरविण्यात आला. उमेदवाराचे वय जास्त असेल तशी ही मर्यादा वाढते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीने सर्वसाधारणपणे ती जागा आधी सरकारी संकेतस्थळावर १४ दिवस जाहीर करून स्थानिकांना संधी द्यावी लागते.

सप्टेंबर २०२३ पासून ‘कॉम्पास’ ही गुणपद्धती लागू झाली. पगार, पदवी, कर्मचाऱ्यांतील राष्ट्रीयत्वांचे वैविध्य आणि स्थानिकांना दिलेला रोजगार, या चार मूळ कसोट्या. उत्तीर्ण होण्यास ४० गुण हवेत. व्यवस्थापकीय व तज्ज्ञ कर्मचारी २५ पेक्षा कमी असलेल्या लहान पेढीस शेवटच्या दोन कसोट्यांचे प्रत्येकी १० गुण आपोआप मिळतात. उरलेले २० गुण मुख्यतः पगार आणि पदवी यांतूनच मिळवावे लागतात.

खरा मोह येथेच उत्पन्न होतो. मुलगा घरचाच, राहणे-जेवणे आपल्याकडेच. मग कागदावर ५,६०० दाखवावे, बँकेतही जमा करावे आणि त्यातील काही रक्कम रोखीने परत घ्यावी, असा हिशेब सुचतो. कायद्याच्या दृष्टीने हा घरगुती व्यवहार नव्हे, गुन्हा आहे. नोकरी देण्याच्या बदल्यात कर्मचाऱ्याकडून पैसे घेतल्यास ३०,००० डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अर्जात पगाराची खोटी माहिती दिल्यास दंड २०,००० डॉलरपर्यंत असून कैदेची मुदत तितकीच आहे. शिवाय परदेशी माणसे नेमण्यास कंपनीला मनाई होऊ शकते आणि ज्याच्या भल्यासाठी हे सारे केले, त्या मुलाचा पासही रद्द होऊ शकतो.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी पेढीने एकच हिशेब मांडावा : हा पगार दरमहा, पूर्ण आणि परत न घेता देणे झेपेल काय? झेपत नसेल तर स्थानिक माणूस नेमावा. पुतण्याला थोडी वाट पाहावी लागेल; पण पेढीच्या नावाला आणि त्याच्या भवितव्याला डाग लागणार नाही.